कर्नल-पॉवर ४१ आणि बदललेला एसएमपीएस

मशीन टेबलावर आलं तेव्हा त्यातला एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, नवाकोरा होता. आधीच्या दुकानात तो बदलून झाला होता, त्याआधी दोनदा फॉरमॅटही. तक्रार तीच: चालता चालता एकदम रीस्टार्ट होतं, कधी दिवसातून चारदा, कधी दोन दिवस काहीच नाही. "साहेब, पॉवरचाच प्रॉब्लेम आहे, त्यातच लिहून येतंय," म्हणत गृहस्थांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची घडामोडींची नोंदवही), लाल खूण, सोर्स ‘कर्नल-पॉवर’, आयडी ४१.

या नावाने भलेभले फसतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. वीज गेली, पॉवर बटण दाबून धरलं किंवा विंडोजच क्रॅश झालं, तिन्ही वेळा हीच नोंद पडते. फरक कळतो तो ‘डीटेल्स’ टॅबमधल्या ‘बगचेककोड’वरून, म्हणजे क्रॅशचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यावरून. तिथे ० असेल तर क्रॅशची माहिती नोंदलीच गेलेली नसते. मग वीज, एसएमपीएस, तापमान तपासायचं. इथे शेवटच्या पाच नोंदींत २६, ८०, २६, १०, ८० असे आकडे होते. ते दशमान असतात, क्रॅशचे स्टॉप कोड मात्र हेक्समध्ये (सोळाच्या पायावरच्या आकड्यांत). कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडला टाकला की २६ चं १ए होतं: मेमरी मॅनेजमेंट. ८० चं ५०: पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. कोड असे बदलत राहिले म्हटल्यावर एखाद्या ड्रायव्हरपेक्षा (हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम) रॅमवर संशय जास्त.

मग क्रॅशचा निळा स्क्रीन कुणाला दिसला कसा नाही? ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ला मुळातच टिक असते, एसएसडीवर स्क्रीन क्षणात येऊन जातो. ती टिक काढली. मिनीडंप फोल्डर (क्रॅशच्या क्षणाच्या नोंदी, म्हणजे डंप, इथे साठतात) रिकामं होतं, त्याचं कारण वेगळं: एसएसडी जास्त टिकावी म्हणून कुणीतरी पेजफाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) बंद केली होती. क्रॅशच्या क्षणी कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, फाइल सिस्टीमवर भरवसा ठेवत नाही. डंप आधीच राखलेल्या पेजफाइलच्या जागेत थेट लिहितो आणि पुढच्या बूटला ती माहिती बाहेर काढून फाइल बनते. पेजफाइल नाही, तर डंपही नाही. सी ड्राइव्हवर ती ‘सिस्टीम मॅनेज्ड’ केली, डंप ‘स्मॉल’ ठेवला.

दोन दिवसांत तीन डंप मिळाले. विनडीबीजीने (डंप वाचणारं साधन) एकात ग्राफिक्स ड्रायव्हरला धरलं, दुसऱ्यात फाइल सिस्टीमच्या ड्रायव्हरला, तिसऱ्यात खुद्द कर्नलला. इतके आरोपी एकाच वेळी खरे नसतात. ब्राउझरही अधूनमधून मिटत होता (इव्हेंट १०००, सी००००००५, म्हणजे मेमरीत नको त्या जागी हात), पण प्रोग्रॅम यूजर मोडमध्ये, कर्नलपासून वेगळा, चालत असल्याने विंडोज तेवढाच बंद करतं. रॅममधलं तेच बिघडलेलं बाइट कर्नलच्या वाट्याला आलं तर ते मशीनच थांबवतं, कारण पुढे रेटलं तर चुकीचा डेटा डिस्कवर जाऊ शकतो.

आधी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम जादा वेगाने चालवायची सेटिंग) बंद करून रॅम ३२०० वरून २४०० वर आणली, तरी क्रॅश. मग पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम). ८ जीबीच्या दोन स्टिक ड्युअल चॅनेलला (जोडीने) चालत असल्या की पत्त्यावरून कोणती खराब ते सहज कळत नाही, म्हणून एकेक लावून तपासली. काँटॅक्ट खोडरबरने पुसून घेतले. पहिली स्टिक रात्रभर चारही पास (फेऱ्या) स्वच्छ. दुसरीवर चाळीस मिनिटांत लाल ओळी: आठही अक्षरं एफ हवी होती, सातवं बी आलं. म्हणजे एकच बिट, १ च्या जागी ०, आणि दर पासला त्याच पत्त्यावर. स्लॉट बदलून पाहिला, ओळी स्टिकबरोबर गेल्या.

फॉरमॅटने काही न सुटण्याचं कारण हेच. उलट दुसऱ्यांदा टाकलेलं विंडोज याच रॅममधून डिस्कवर उतरलं होतं. स्टिक बदलल्यावर आधी डिझमचा रिस्टोअर हेल्थ चालवला, मग एसएफसी स्कॅननाऊ; दोन्ही विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणाऱ्या कमांड. त्याला दुरुस्त करण्याजोग्या फायली सापडल्याच. गृहस्थांच्या दोन-तीन झिप फायली मात्र सीआरसी एररवर (आतला डेटा जुळत नसल्याची खूण) अडल्या, त्या गेल्या त्या गेल्याच.

जुना एसएमपीएस त्यांनी पिशवीतून आणलाच होता. जोडून, मशीन लोडवर ठेवून मल्टिमीटर लावला: १२ व्होल्टची लाइन १२.०८, म्हणजे ठणठणीत.