गोधडीचा सायलेन्सर

रविवार, १८ जानेवारी २०२६
गोडोली, सातारा

चहा घेऊन गच्चीवर गेलो, तर नात माझ्याआधी तिथं. हातात टेप. अजिंक्यतारा अजून धुक्यात होता आणि ही परत गच्ची मोजत होती, महिन्याभरात ती लांबली असेल अशा आशेनं. "आबा, टाकीपासून कठड्यापर्यंत अकरा मीटर वीस. नेमबाजीचं दहा मीटर आरामात बसतंय." बसतंय, हे मलाही माहीत आहे. अडलंय ते शेजारच्या वहिनींच्या झोपेपाशी. त्या नर्स आहेत, आठवड्यातले चार दिवस रात्रपाळी असते. पोरगी शाळेतून येते त्याच वेळेला त्यांचा डोळा लागलेला असतो.

पोरीला दहा मीटर एअर रायफलचं वेड लागलं ते दीड वर्षापूर्वी, पॅरिस ऑलिम्पिकला स्वप्नील कुसाळेनं कांस्य आणलं तेव्हा. त्याचा प्रकार वेगळा, पन्नास मीटरचा. पण राधानगरीकडचा पोरगा तिथं उभा राहू शकतो तर आपण का नाही, एवढंच तिनं त्यातून घेतलं. आता रेंजवर आठवड्यातून दोनदा जाते. बाकीचे दिवस घरी सराव हवा.

पुण्याच्या दुकानदारानं एक रायफल दाखवली आहे. ४.५ मिमीची, पीसीपी, म्हणजे आधीच हवा भरून ठेवलेली. टाकीत २०० बार दाब. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बार असतो, त्यावरून काय ते समजा. आणि नळीवर जाड पोलादी आवरण, त्यातच बसवलेला सायलेन्सर. "बाजूच्या खोलीत कळणार नाही, साहेब." किंमत माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनीएवढी. पंधरा दिवस झाले, हो म्हणू की नाही हेच चाललंय.

साताऱ्यात सायलेन्सर म्हटलं की पहिल्यांदा बुलेट मोटारसायकल आठवते. तो आवाज दाबायला असतो हे इथल्या पोरांना कुणी सांगितलेलंच नाही. गंमत अशी की हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन माणसानं १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं, आणि तीच कल्पना त्यानं इंजिनाच्या नळकांड्यालाही लावली. त्याचा बाप म्हणजे मॅक्सिम मशीनगनचा जनक. बापानं गोंगाट वाढवला, लेकानं तो निस्तरायला घेतला. बहुतेक घरांत हे उलटं असतं.

टेक्सासच्या पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, इथं याला कानाचं संरक्षण म्हणतात." त्यांच्याकडं १९३४ पासून अशा प्रत्येक वस्तूवर दोनशे डॉलर कर होता. तो या १ जानेवारीपासून शून्यावर आलाय. नोंदणी मात्र अजून करावीच लागते. कानाचं मला पटलं. चोवीस वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली, आधी एसएलआर रायफल, मग इन्सास. भरतीच्या काळात कानात कापसाचा बोळा, तोही उस्तादाची नजर चुकवून. उजव्या खांद्यावर दस्ता टेकवला की डावा कान नळीकडं होतो, म्हणून माझा डावा कान आधी गेला. बायको त्या बाजूनं बोलली की मला ऐकू येत नाही. ती म्हणते हे मी मुद्दाम करतो. थोडंफार तसंही असेल.

पण छर्ऱ्याच्या बंदुकीनं कान जात नाहीत. स्पर्धेच्या एअर रायफलची ताकद साडेसात ज्यूलच्या आसपास असते, छर्रा सेकंदाला पावणेदोनशे मीटर जातो. ध्वनीचा वेग ३४० च्या घरात. म्हणजे मोठ्या रायफलीची गोळी हवा फाडत जाताना जो चाबकासारखा कडाका होतो (तो कुठल्याही सायलेन्सरला दाबता येत नाही), तो इथं मुळातच नाही. राहतो तो नळीच्या तोंडाशी हवेचा फट् एवढा आवाज. आवरणाच्या आत पडदे असतात, हवा त्यांच्यात पसरते, मंदावते आणि गुमान बाहेर येते.

दुकानदार म्हणाला, वीस ज्यूलच्या आतली आणि ४.५ मिमीची असली की लायसन लागत नाही. बंदुकीपुरतं ते बरोबर आहे. पण माझी सवय वाईट, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. रात्री शस्त्र कायदा काढला, १९५९ चा. त्यात अग्न्यस्त्र म्हणजे स्फोटकानं 'किंवा अन्य ऊर्जेनं' काहीतरी फेकणारं हत्यार. त्याच व्याख्येत पुढं, आवाज किंवा ज्वाळा कमी करण्यासाठी केलेली साधनंही अग्न्यस्त्रातच धरली आहेत. ते वाक्य चार वेळा वाचलं. सुटा असता तर काढून ठेवता आला असता. हा नळीलाच जन्माचा चिकटलेला. सूट बंदुकीला मिळाली म्हणून तिच्या अंगावरच्या पोलादालाही मिळाली, असं दुकानदार म्हणेल. तो बिल फाडून मोकळा. उद्या कुणी दारात आलं तर उत्तर मला द्यायचंय, आणि खेळाडू म्हणून नाव लागायच्या आधी पोरीचं नाव भलत्याच कागदावर नको.

एवढ्यावर विषय संपायला हवा होता. पण दुसरंच काहीतरी टोचत होतं, ते आज लिहिताना सापडलं.

दादांकडं, म्हणजे माझ्या वडिलांकडं, ठासणीची बंदूक होती. पीक राखायला, रानडुकरांसाठी. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. ज्वारी हुरड्यात आली की रात्री-अपरात्री मळ्यातून एक बार यायचा आणि आई अंधारात म्हणायची, "जागे हायेत." शेजारच्या वस्तीवरून कुणीतरी हाळी द्यायचं. रानात वाटेवर असलेला माणूस थांबायचा. त्या आवाजानं किती डुकरं पळाली देव जाणे, माणसं मात्र सावध व्हायची. पुढं फौजेत चांदमारीवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला गेलो तर तिथं तेच, आधी लाल झेंडा वर चढायचा, मगच गोळी. बंदूक चालणार आहे हे आसपासच्या प्रत्येकाला कळलंच पाहिजे. आणि मी आता पैसे मोजून अशी आणायला निघालो होतो की जिन्यानं वर येणाऱ्या वहिनींच्या बारक्याला पत्ताच लागू नये.

दुपारी मग सोक्षमोक्ष लावला. रेंजवरच्या एकाची जुनी स्प्रिंगची एअरगन आणली होती. तिचा ठोका आतल्या दट्ट्याचा असतो, नळीवर काहीही बसवलं तरी तो राहणारच. म्हटलं हिचा आवाज खपला तर सगळ्याचा खपेल. जिन्याचं दार आतून लावून घेतलं. नात गच्चीवर, कठड्यापाशी पत्र्याची पेटी, मागं भिंत. मी वहिनींच्या झोपायच्या खोलीत, उजवा कान खिडकीकडं करून. वहिनी कमरेवर हात ठेवून उभ्या.

बंदूक जवळजवळ ऐकूच आली नाही. ऐकू आलं ते 'टण्ण'! छर्रा पत्र्यावर आपटल्याचा.

"काका, हे तर भांडं पडल्यावानी वाटतंय," वहिनी म्हणाल्या.

पंधरा दिवस मी नळीच्या तोंडाकडं बघत बसलो होतो आणि गोंगाट दुसऱ्या टोकाला होता. वर गेलो, आईची फाटकी गोधडी काढली, घड्या घालून पेटीत कोंबली, पुढं पुठ्ठा लावला. पुन्हा खाली. पोरीनं पाच छर्रे मारले म्हणे. वहिनींनी विचारलं, "सुरू कधी करणार?"

दुकानदाराला संध्याकाळी फोन केला की ती नको, साधी स्पर्धेची बघू, जुनी मिळाली तरी चालेल. तो थोडा नाराज झाला. बायकोही नाराज आहे, गोधडीवरून. तिला न विचारता घेतली होती.

जिन्याच्या दाराला लाल फडकं बांधायचं ठरलंय. फडकं दिसलं की वर यायचं नाही. वहिनींनीच जुन्या परकराचं फाडून दिलं. नात आत्ता त्याला हेम घालत बसली आहे, टाके वाकडे पडतायत. माशीवरून, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुणेवरून, नेम धरणाऱ्या हाताला सुई का धरता येत नाही, हे विचारलं तर म्हणते, "आबा, सुईला माशी नसते."