पूल किती?

सोमवार, रात्री पावणेअकरा

आज सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 19 फूट 4 इंच. हे पहिल्या ओळीत लिहावंच लागतं, कारण माझा पोरगा सोन्या झोपायच्या आधी वही उघडून बघतो. आकडा नसला तर वही मिटू देत नाही.

सोन्याला ऑटिझम आहे, ही वही त्याच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी लावली. मार्चमध्ये म्हणाल्या, दिवसभरात काय बोलला ते लिहीत जा. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी. वही म्हटली की हात आपोआप पानाच्या दोन बाजू पाडतो. जमा आणि नावे, तसं डावीकडं ‘स्वतःहून’ आणि उजवीकडं ‘विचारल्यावर’. पहिल्या महिन्यात उजवी बाजू खच्चून भरली. हे काय? आंबा. रंग कुठला? पिवळा. नाव सांग. (पूर्ण नाव, आडनावासकट, भिंतीकडं बघत.) डावीकडं रोज दोनच नोंदी, ‘पाणी’ आणि ‘पूल किती?’.

मी मोठ्या खुशीत वही घेऊन गेलो, पोरगं एवढी उत्तरं देतंय म्हणून. मॅडमनी उजवी बाजू वाचलीच नाही. ‘पूल किती?’वर बोट ठेवून विचारलं, “याला तुम्ही काय उत्तर देता?”

आता काय सांगणार. दिवसातनं वीस वेळा तेच. मार्च महिन्यात, नदी तळाला गेलेली, पाण्याच्या पातळीचे मेसेज बंद, आणि हा विचारतोय पूल किती. मी म्हणायचो, “सांगितलं ना एकदा.” जास्त झालं की ओरडायचो. हे वहीत लिहिलं नव्हतं.

सांगलीबाहेरच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. आमच्याकडं पावसाळ्यात लोक एकमेकांना ‘जेवलास का’ विचारत नाहीत, ‘पूल किती’ विचारतात. 40 फुटाला इशारा, 45 ला धोका, आणि कोयनेतनं किती सोडलं हे शाळेतल्या पोरालाही पाठ. 2019 ला पाणी 57 च्या वर गेलं. आम्ही नदीकाठच्या गावभागातले. सोन्या दीड वर्षाचा होता, त्याला टॉवेलात गुंडाळून बोटीतनं काढला. 2021 ला पुन्हा 55 च्या घरात. तेव्हा तो साडेतीन वर्षांचा होता आणि एक शब्द बोलत नव्हता.

बोलत नव्हता, पण आम्ही गप्पच बसलो होतो. आई म्हणायची, “तू बी चार वर्सांचा हुईस्तोवर मुकाच हुतास.” शेजारी म्हणाले मोबाईल. हिच्या भावानं एका लग्नात पंगतीतच सांगितलं की हे लसीमुळं होतं. त्या वेळी मला बोलता आलं नाही. नंतर वाचलं, 1998 साली एका ब्रिटिश डॉक्टरनं जेमतेम 12 मुलांवरून तसा लेख लिहिला होता आणि तो छापणाऱ्या नियतकालिकानंच 2010 ला मागं घेतला. पुढच्या लग्नात सांगायचं ठरवलंय.

मिरजेला आधी कानाची तपासणी केली, ती बेरा म्हणतात ती. पोराला झोपवून डोक्याला वायरी लावतात. कान ठणठणीत निघाले. त्या दिवशी आम्ही दोघं स्टेशनसमोर चहा प्यायलो आणि खूश झालो. किती उलटं, पोराला ऐकू येतंय म्हणून घाबरायला हवं होतं. मग ऑटिझम तपासायचा तो 40 प्रश्नांचा कागद आला. नजरेला नजर देतो का, एकटाच रमतो का, तेच तेच करतो का. प्रत्येकाला 1 ते 5. बेरीज 70 च्या खाली आली तर नाही, त्यापुढं सौम्य, 107 पासून मध्यम, 153 च्या पुढं तीव्र. आमचे 112. दिवसभर बेरजा करून पोट भरणारा माणूस मी, तरी ती बेरीज घरी येऊन तीनदा केली. पाचनं जरी चुकली असती तरी ‘मध्यम’ला धरूनच होती. सहानं चुकायला हवी होती.

मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द कानाला बरा लागतो, पण मला पटत नाही. जो पोरगा अख्ख्या नदीची चौकशी करतोय तो स्वतःत मग्न कसा?

मंगळवार

21 फूट. पाऊस थांबेना.

विश्रामबागला ओटी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. झोका, मग पाटीभर तांदळात हात घालून मणी शोधणं. पूर्वी तांदळाला हात लावला की किंचाळायचा, आज तीन मणी काढले. पंचेचाळीस मिनिटांचे 400 रुपये. ‘निरामय’ या सरकारी योजनेचा विमा वर्षाला 1 लाखापर्यंत आहे, पण त्यासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. 2016 च्या कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात हे येतं. हे मी एका शाळेच्या ऑफिसात उभं राहून तोंडपाठ म्हणून दाखवलंय. त्यांनी ऐकून घेतलं, प्रवेश दिला नाही. दुसऱ्या शाळेत बाईंनी एवढंच विचारलं, “घंटा वाजली की कान झाकतो का? मग घंटेच्या आधी मी त्याला सांगत जाईन.” आता तिथं दुसरीत आहे.

संध्याकाळी कुकर लावला होता. शिट्टी व्हायच्या बेतात असताना सोन्या स्वयंपाकघरातनं पळत बाहेर आला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे!” महापालिकेच्या गाडीवर स्पीकर लावून ओरडत जातात तेच, शब्द न् शब्द, सूर न् सूर. आम्ही दोन वर्षं याला बडबड समजत होतो. पोपटपंची बंद करा, असं एकानं फी घेऊन सांगितलंही होतं. मॅडम म्हणाल्या, कधी म्हणतो ते बघा. बघितलं. कुकर, मिक्सर, न्हाव्याचं मशीन, गणपतीतले ढोल. पोरगं ‘मला भीती वाटते’ म्हणत होतं, त्याच्याजवळ जे वाक्य होतं ते वापरून. आता आम्ही उत्तर देतो. ही गॅस बारीक करते आणि म्हणते, “शिट्टी होणार. मोठी. एकच.” हा कानावर हात ठेवून दारात थांबतो. आज पळून गॅलरीत गेला नाही, दारातच थांबला. डावी बाजू.

बुधवार, रात्र

22 फूट 1 इंच. हा आकडा आज मी चुकवला, त्याचंच लिहायचंय.

मॅडमनी मार्चमध्ये दोन गोष्टी सांगितल्या होत्या. प्रश्न विचारणं कमी करा. आणि त्यानं विचारलं की उत्तर देऊन थांबू नका, एक वाक्य तुमच्या पदरचं जोडा. पहिल्या गोष्टीला मला दोन महिने लागले. तोंडातनं ‘हे काय?’ निघायचंच. दुसरी सोपी गेली. उन्हाळ्यात आकडाच नव्हता, म्हणून रविवारी त्याला पुलावर घेऊन जायला लागलो. 1929 चा दगडी पूल, खाली खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले. तो ते वरून खाली वाचायचा आणि मी म्हणायचो, पाणी लांब गेलं. जूनमध्ये मेसेज सुरू झाले तसं मी जोडायला लागलो, “कालच्यापेक्षा वाढलं”, “उतरलं”. मला ताप आला होता तेव्हा थर्मामीटर बघून “उतरलं” म्हणाला. उतरला नव्हता, पण तरी.

आज सकाळी सौद्याची गडबड. गाडीला किक मारता मारता याचं सुरू झालं, “पूल किती?” मी खिशातनं फोन काढला आणि घाईत कालचा मेसेज वाचला. “21 फूट. जरा वाढलं.”

हा जागचा हलला नाही. माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं, तोंडाकडं नाही, हनुवटीच्या आसपास. आणि म्हणाला, “बाबा चूक. बावीस एक.”

मी गाडी बंद केली. ही आतनं म्हणाली, “माझ्या फोनवर सहालाच बघितलंय त्यानं.”

म्हणजे आकडा त्याला माहीत होता. आजच असं नाही. वीस वेळा विचारायचा त्यातल्या एकोणीस वेळा तरी माहीत असणारच. मला वाटायचं याच्या डोक्यात राहत नाही, किंवा सुई अडकते. आणि मी काय करत होतो? आंबा हातात धरून ‘हे काय?’. तो आंबा आहे हे मलाही ठाऊक होतंच की.

मार्चपासनं उजवीकडं ‘हे कोण?’ असा प्रश्न आणि पुढं ‘बाबा’ असं लिहीत आलोय. डावीकडं आज पहिल्यांदा लिहिलं. तेही चूक काढताना. यार्डात पोहोचायला उशीर झाला, शेठ बोलले, मी ‘हो हो’ म्हटलं. दुपारी वजनाच्या पावत्या चढवताना दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा हसू आलं. बाजूचा हमाल म्हणाला, “दिवाणजी, लॉटरी लागली काय?”

रात्री हिला म्हटलं, बाबा म्हणाला. ही भाकरी थापत होती. म्हणाली, “मला गेल्या दिवाळीपासनं ‘आई दूध’ म्हणतोय, तेव्हा कुठं होता तुम्ही?” वहीत बघितलं. खरंच आहे, दिवाळीत वही नव्हती.

गुरुवार, सकाळी सहा

मेसेज अजून आला नाही. सोन्या चप्पल घालून दारात उभा आहे. त्यानं विचारायच्या आत मीच म्हटलं, “पूल आज चाळीस.”

“बाबा चूक,” म्हणाला, आणि हसला.

ही म्हणतेय, जाऊन बघून या दोघं. घरात छत्री एकच आहे, तिचीही एक काडी मोडलेली.