आमची वाटचाल : मेलेला जंतू आणि जतचं वडाप

मिरजेत लॅब टाकणं म्हणजे पंढरपुरात बुक्क्याचं दुकान टाकणं. १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी इथं रुग्णालय काढलं, तेव्हापासून कर्नाटकातून, सोलापुराकडून, कोकणातून माणसं दुखणी घेऊन या गावात उतरतायत. त्यांच्या मागोमाग औषधाची दुकानं आली, लॉज आले आणि आमच्यासारख्या लॅब आल्या. २००९ साली मी दोन गाळे भाड्यानं घेतले तेव्हा त्याच रस्त्यावर आधीच चार लॅब होत्या. सासरे म्हणाले, "पाचवी कशाला?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. शिवाजी विद्यापीठाची मायक्रोबायोलॉजीची एम.एस्सी. होती आणि कुणाच्या हाताखाली काम करायचं नव्हतं, एवढंच.

पहिली दहा वर्षं साखर, हिमोग्लोबिन, लघवी आणि विडाल यांत गेली. विडाल ही टायफॉइडची चाचणी १८९६ सालची. ती जंतू शोधत नाही, शरीरानं त्याच्याविरुद्ध केलेली प्रतिपिंडं मोजते. आणि पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरी आकडा चढलेला दिसू शकतो. हे आम्हाला माहीत होतं, डॉक्टरांनाही माहीत होतं. तरी दिवसाला दहा-बारा यायच्याच. विडालनं माझ्या मुलीची फी भरली, त्यामुळं त्या चाचणीला नावं ठेवताना जरा चोरट्यासारखं होतं.

२०१९च्या महापुरानंतर एका शिबिरात जुलाबाचे नमुने आमच्याकडं आले. कल्चर लावलं, म्हणजे जंतू प्लेटवर वाढवायला ठेवले, तिसऱ्या दिवशी जंतूचं नाव हाती आलं. तोवर पेशंट बरे होऊन घरचा चिखल काढायला गेले होते. त्या रिपोर्टांचं पुढं कुणी काही केलं नाही.

पण धंद्याला खरं वळण दिलं ते जतच्या एका टेंपोवाल्यानं. २०२१ची गोष्ट. एक पोटाचे डॉक्टर दुर्बिणीतून जठराचा कण काढून 'रॅपिड युरिएज'च्या पिवळ्या जेलमध्ये टाकायचे आणि ती डबी आमच्याकडं पाठवायचे. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी, म्हणजे अल्सर करणारा जंतू, असेल तर जेल गुलाबी होतं. हा जंतू युरियापासून अमोनिया करतो आणि त्या अमोनियाच्या आडोशानं आम्लात तग धरतो. जेलमध्येही तो तेच करतो आणि पकडला जातो. टेंपोवाल्याची डबी गुलाबी झाली, १४ दिवसांच्या गोळ्या झाल्या, चार महिन्यांनी डबी पुन्हा गुलाबी. रिपोर्ट न्यायला आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, गोळ्या खाऊन खाऊन तोंड कडू पडलंय, पण पोट काय ऐकंना." तोंडाची ती कडवट, धातूसारखी चव त्या गोळ्यांतल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची. म्हणजे गोळ्या त्यानं नेमानं खाल्ल्या होत्या. डॉक्टरांनी फोनवर मला विचारलं, "पॉझिटिव्ह आहे हे कळलं हो. पण औषध का लागू पडत नाही?"

गुलाबी जेल याचं उत्तर देत नाही. कल्चर करून औषधं लावून बघावीत तर हा जंतू महा लाडावलेला. त्याला हवेतला ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमी लागतो आणि वाढायला पाच-सात दिवस लागतात. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२ साली बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना तो पहिल्यांदा वाढलेला दिसला, तोही ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा नेहमीपेक्षा जास्त दिवस राहून गेल्या म्हणून. दोघांना २००५ साली नोबेल मिळालं. आम्हाला चार वेळा बुरशी मिळाली.

उत्तर जंतूच्या गुणसूत्रात लिहिलेलं असतं. त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला सगळा डीएनए, १९९७ साली वाचून झाला, सुमारे १६ लाख ६८ हजार अक्षरांचा. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या रायबोसोममध्ये, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रात, जाऊन अडकतं आणि काम बंद पाडतं. त्या जागेचा नकाशा २३एस नावाच्या जनुकात असतो. तिथल्या २१४२ किंवा २१४३ क्रमांकावरचं 'ए' बदललं, बहुतेक वेळा 'जी' झालं, की औषधाला अडकायला खोबण राहत नाही. अक्षर एकच बदलतं, पण १४ दिवसांच्या गोळ्या वाया जातात. हे एक अक्षर वाचायला पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, पुरतो.

मशीन नवं घ्यायची ऐपत नव्हती. पण कोविडनं पीसीआर गल्लोगल्ली नेला होता. २०२० साली ४,५०० रुपयांना होणारी आरटीपीसीआर डिसेंबर २०२१मध्ये राज्य सरकारनं ३५० रुपयांवर आणली, लाट ओसरली, आणि नुसत्या कोविडवर उभ्या राहिलेल्या लॅबा मशीन विकायला निघाल्या. २०२२च्या उन्हाळ्यात अशाच एका बंद पडलेल्या लॅबचं मशीन आम्ही टेंपोत गाद्या घालून आणलं. आमचे हे पॉलिटेक्निकात शिकवतात. त्यांनी दोन रविवार त्याच्या पंख्यात घालवले.

पहिले ६० नमुने फुकट केले. त्यातले औषधाला दाद न देणारे निघाले ते बाहेर सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षर न् अक्षर वाचून घ्यायला, पाठवून पडताळले. सगळ्यात मोठी सोय अशी की वेगळा कण काढावा लागत नाही. युरिएजच्या जेलमधला जो कण कचऱ्यात जाणार असतो, तोच आम्ही उचलतो. जंतू जिवंत लागत नाही, कारण वाचायचा आहे तो त्याचा डीएनए, आणि डीएनए फार चिवट. कल्चरसाठी जतहून मिरजेपर्यंत जंतू जिवंत आणणं आम्हाला कधीच जमलं नसतं. हा मेलेला जंतू मात्र प्लास्टिकच्या डबीत, वडापच्या, म्हणजे सीटवर पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या जीपच्या, पुढच्या सीटखाली, उन्हातान्हातून ऐटीत येतो. अथणी, चिकोडी, विटा, सगळीकडून असंच. ड्रायव्हरला चहापाण्याचे ठरलेले पैसे, आणि डबीवर नाव दोनदा.

याच चिवटपणानं नोव्हेंबर २०२२मध्ये आमची अब्रू काढली. एका दिवशी ११ पैकी नऊ नमुने पॉझिटिव्ह आले. बारावी नळी नुसत्या पाण्याची असते, तिच्यात काहीच दिसायला नको. ती पण पॉझिटिव्ह. पीसीआरमध्ये दर फेरीला प्रती दुप्पट होतात, ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींहून जास्त. पडताळा म्हणून आम्ही झालेल्या नळ्या उघडून त्यातला डीएनए जेलवर (हे युरिएजचं नव्हे, डीएनए बघायचं वेगळं जेल) पळवायचो, तेही ज्या टेबलावर नवे नमुने भरायचो त्याच्या शेजारी. त्या कोट्यवधी प्रती एसीच्या झोतात खोलीभर झाल्या होत्या. आदल्या तीन दिवसांचे रिपोर्ट मी स्वतः फोन करून मागं घेतले. एका डॉक्टरांनी त्या दिवसापासून नमुने पाठवणं बंद केलं ते आजतागायत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

अकरा दिवस लॅबचा तो भाग बंद ठेवला. ब्लीचनं भिंती पुसल्या, दुसरा गाळा मधे भिंत घालून तोडला. आता मिश्रण भरायची खोली वेगळी, नमुन्याची वेगळी, मशीनची वेगळी. माणूस एका दिशेनंच जातो. मशीनच्या खोलीत गेलेला त्या दिवशी मागं फिरत नाही. तिन्हीकडचे एप्रन वेगळ्या रंगाचे. माझी आई बघायला आली आणि म्हणाली, "तुझ्या आजीच्या सोवळ्याला हसायचीस ना?" झालेली नळी आम्ही आता उघडतच नाही, बंदच फेकतो.

उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला आणि महागाची एन्झाइम्स आईस्क्रीमवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये मँगोच्या कपांशेजारी दोन रात्री राहिली, हे सांगितलं तर तपासणीला येणारे साहेब रागावतील. पण ती नीट चालली. उलट एका पुरवठादारानं शनिवार-रविवार गोदामात ठेवून सोमवारी दिलेला किट कोमट निघाला, आणि बदलून काही मिळाला नाही.

२०२३च्या सुरुवातीला टेंपोवाला तिसऱ्यांदा दुर्बिणीला आला. या वेळी त्याचा कण आमच्या मशीनमध्ये गेला. नळीत आम्ही टाकलेला डीएनएचा ओळखीचा तुकडा जंतूच्या डीएनएला जोडी करून चिकटतो. नळी हळूहळू तापवली की अक्षर जुळत नसलेली जोडी लवकर सुटते आणि पडद्यावरच्या आलेखातला उंचवटा कमी तापमानाकडं सरकतो. याचा सरकला. २१४३, 'ए'चं 'जी'. डॉक्टरांनी क्लॅरिथ्रोमायसिन काढून बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडॅझोल आणि आम्लाची गोळी असा चौकडीचा कोर्स दिला. त्याला रिपोर्टातलं काहीच कळलं नव्हतं. "कुठलं अक्षर बदललं ते मराठीत लिहून द्या," म्हणून तो काउंटरवर अडून बसला. तेव्हापासून आमच्या रिपोर्टाच्या तळाशी एक मराठी ओळ असते : अमुक औषध लागू पडेल किंवा पडणार नाही.

कोर्स संपल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात "आता परत बघा" म्हणून तो आला. आम्ही नाही म्हणालो. जतहून मेलेला येऊन बोलणारा जंतू गोळ्यांनी मेल्यावरही काही काळ तसाच बोलतो. पीसीआर उगाच पॉझिटिव्ह दाखवेल. निदान चार आठवडे थांबून, आम्लाची गोळी आधी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची चाचणी करायची. ती आमच्याकडं नाही. त्याला पुण्याला पाठवलं. निगेटिव्ह आली.

असे नकार आमच्या गल्ल्याला महागात पडतात. सहज म्हणून चाचणी मागणाऱ्यालाही आम्ही आधी डॉक्टरांकडं धाडतो, कारण आपल्याकडं निम्म्याहून अधिक मोठ्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो आणि बहुतेकांना जन्मात त्याचा त्रास होत नाही. मेट्रोनिडॅझोलचं काय, असंही डॉक्टर विचारतात. तिथं मामला सरळ नाही. त्या औषधाशी संबंधित आरडीएक्सए जनुकात बदल कुठंही होऊ शकतो, एका ठरावीक जागी बोट ठेवता येत नाही. पुढचं काम लिव्होफ्लॉक्सासिन या आणखी एका अँटिबायोटिकचं घेतलंय, तिथं जीवायआरए जनुकातल्या दोन जागा बघायच्या असतात.

आज आम्ही सातजण आहोत. पीसीआर मंगळवारी आणि शुक्रवारी लावतो, कारण पाच-सहा नमुने साठल्याशिवाय किटचा खर्च निघत नाही. विडाल अजून चालूच आहे, कमी झाली एवढंच.

सध्या डोकं खातंय ते दोन उंचवट्यांचं प्रकरण. एकाच पेशंटच्या कणात दोन जातीचे जंतू निघतात, एक औषधाला दाद देणारा, दुसरा न देणारा. गेल्या महिन्यात असे दोन आले. तळाच्या मराठी ओळीत काय लिहायचं यावर माझं आणि माझ्या टेक्निशियनचं अजून जमत नाही. ती म्हणते, "दोन्ही लिहूया, डॉक्टर ठरवतील." मी तूर्त "हे औषध टाळावं" एवढंच लिहून सही करते.