तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्र्याचं पिल्लू कुणाकडून घ्यावं?

"काकू, ओळखीचा एखादा चांगला ब्रीडर आहे का? नंबर द्या ना." ब्रीडर म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा. हा प्रश्न मला दवाखान्यात विचारतात, इथे इंदुरात लोकमान्य नगरात भाजी घेताना विचारतात, नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेतसुद्धा विचारून झालाय. कारण एवढंच की माझे दीर प्राण्यांचे डॉक्टर आहेत आणि संध्याकाळी त्यांच्या दवाखान्याचं काउंटर मी सांभाळते. नंबर मी देत नाही. मी भाव खाते असं वाटतं काही जणांना, वाटू दे. ज्या घरून मागच्या वर्षी धडधाकट पिल्लं आली, त्याच घरची पिल्लं यंदा सलाईन लावायला आलेली मी पाहिली आहेत. मधल्या काळात मालकाने मागणी बघून कुत्र्या वाढवल्या, एक पोरगा कामाला ठेवला आणि स्वतः फक्त फोन घेऊ लागला. तेव्हा नाव सांगत नाही, कसं बघायचं ते सांगते.

पिल्लू बघायला जाऊच नका. त्याची आई बघायला जा.

महिन्याभराचं पिल्लू कुठलंही गोडच दिसतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. तुमच्या मुलीच्या मांडीवर त्याने ते ठेवलं की सौदा झालाच. म्हणून पहिल्या फेरीला मुलांना नेऊ नका, आणि आई जिथे राहते त्याच जागी जायचं असा हट्ट धरा. "मॅडम, माँ तो फार्म पे है." "व्हिडिओ भेज देता हूँ." "आप कहाँ आओगी, विजय नगर चौराहे पे दे देंगे." यातलं काहीही ऐकलंत तर समजा, समोर ब्रीडर नाही, दलाल आहे. चौकात पिशवीतून निघालेलं पिल्लू कुठल्या गावाहून आलं हे कधीकधी त्यालाही माहीत नसतं. आणि न बघता फोनवरून ॲडव्हान्स तर पाठवूच नका. फोटोतलं पिल्लू अस्तित्वातच नव्हतं अशी तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात, जणू डॉक्टर ते परत मिळवून देणार आहेत.

आई समोर आल्यावर ती जरा हडकलेली दिसेल, केसही गळलेले असतील. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचं तसं होतंच, त्याला घाबरू नका. ती मालकाशी कशी वागते ते बघा. त्याने हात उचलला की अंग चोरते का? हाकेला येते का? परक्या माणसावर थोडी गुरगुरली तर तो तिचा हक्क आहे, पण कोपऱ्यात थरथरत बसलेल्या आईची पिल्लं मी तरी घेणार नाही. भित्रेपणा काही रक्तातून येतो, काही आईकडे बघून. खाण तशी माती.

मग तिचं वय विचारा आणि हे कितवं वेत ते विचारा. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली नियम केले आहेत. त्यानुसार कुत्री १८ महिन्यांची होईपर्यंत मेटिंग करायचं नाही, वर्षात एकच वेत, आणि जन्मभरात ५ पेक्षा जास्त नाहीत. पैदास करणाऱ्याने राज्याच्या पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी. तो कागद मागायला लाजू नका; सोनं घेताना हॉलमार्क बघताना लाजता का?

आणि एक प्रश्न, जो सहसा कुणी विचारत नाही. पाच वेतं झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्या कुठे आहेत? ज्याचं मन साफ आहे तो दिवाणाखाली बोट दाखवतो आणि तिची नावासकट सगळी कुंडली सांगतो: कधी ऑपरेशन केलं, आता दात किती राहिले, काय खात नाही. ज्याच्या घरी सगळ्याच कुत्र्या दोन-तीन वर्षांच्या आहेत, त्याच्या बाकीच्या कुठे गेल्या याचा विचार तुम्हीच करा.

पिल्लांना हात लावू दिला नाही म्हणून रागावून परत आलेले लोकही मला भेटतात. खरं तर तो चांगला माणूस असतो. पार्व्हो हा पिल्लांचा जीवघेणा रोग; त्याचा विषाणू बुटांच्या तळव्यांना चिकटून एका घरातून दुसऱ्या घरात जातो आणि जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. लस न झालेल्या पिल्लांपाशी जाण्याआधी चपला बाहेर काढायला लावणारा, हात धुवायला लावणारा मालक मला आवडतो. तुम्हीही एका दिवसात दोन ब्रीडरांकडे चक्कर मारू नका. आमच्याकडे येणाऱ्या पार्व्होच्या पिल्लांची गोष्ट बहुतेक एकसारखीच असते. घरी आणलं तेव्हा बागडत होतं, तीन ते सात दिवसांत उलट्या, मग रक्ताची हगवण. घेताना ते आजारी दिसत नव्हतं हे खरंच असतं, रोग मात्र आत शिरलेला असतो.

वयाच्या बाबतीत सर्रास थापा मारतात. नियम आठ आठवड्यांच्या आत विकायचं नाही असा आहे, पण तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू जास्त गोंडस दिसतं आणि खाण्याचा खर्चही वाचतो. ते तीन-चार आठवडे भावंडांत गेले तर पिल्लू चावायचं किती हे शिकतं: जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. हे शिक्षण तुमच्या बोटांवर झालेलं बरं नाही. तोंड उघडून बघा, आठ आठवड्यांच्या पिल्लाला २८ दुधाचे दात आलेले असतात. लसीचं कार्डही नीट वाचा. कुपीवरचं लेबल चिकटवलेलं हवं, खाली डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. पहिली लस सहसा सहाव्या आठवड्याच्या आधी देत नाहीत आणि दोन डोसांत दोन ते चार आठवड्यांचं अंतर असतं. चाळीस दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर दोन डोस लिहिलेले असले तर वय खोटं आहे किंवा कार्ड.

"पण काकू, केसीआयचे पेपर आहेत!" असतील. केनेल क्लब ऑफ इंडियाचं चेन्नईहून आलेलं प्रमाणपत्र वंशावळ सांगतं, तब्येत नाही. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड घेत असाल तर आईबापांच्या कमरेचा एक्स-रे काढलाय का ते विचारा. खुब्याच्या सांध्याचा दोष पिढीजात येतो. बरेच जण नुसते तोंडाकडे बघतील, पण ज्याला तुम्ही काय विचारताय ते कळलं, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ आहे. "हेवी बोन", "पंच फेस", "शो क्वालिटी" हे शब्द मात्र कानाआड करा. पंच फेस म्हणजे नाक इतकं आत की मे महिन्यात इंदुरात बिचाऱ्याला धड धापही टाकता येत नाही. बर्फाळ प्रदेशातल्या हस्कीबद्दल तर मी बोलतच नाही, भाऊजींचं त्यावरचं भाषण दवाखान्यात फुकट ऐकायला मिळतं. (आणि गल्लीत जन्मलेलं पिल्लू दत्तक घेणार असाल तर त्याची पहिली लस माझ्याकडून.)

ओळख हवीच असेल तर डॉक्टरांना विचारा, पण प्रश्न बदला. "पिल्लं कोण विकतं?" असं नको, "मेटिंगच्या आधी कुत्रीला तपासायला कोण आणतं?" असं विचारा. इंदुरातल्या कुठल्याही जुन्या डॉक्टरांना किंवा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचाराल तर मोजकीच नावं निघतील. त्यांच्याकडे आज पिल्लू नसतं. थांबावं लागतं.

सुदामा नगरच्या एक ताई मध्यंतरी अशाच एकीकडे जाऊन तावातावाने परत आल्या. "पैसे आम्ही देणार आणि मुलाखतही आमचीच? दिवसा घरी कोण असतं, गच्चीला कठडा आहे का, उन्हाळ्यात पुण्याला जाता तेव्हा कुत्र्याचं काय? वर लिहून द्या म्हणे, नाही जमलं तर पिल्लू दुसऱ्या कुणाला न देता तिलाच परत करायचं!" मी म्हटलं, ताई, तिथेच घ्या. पिल्लू नेल्यावर दोन दिवसांत तुम्ही ते तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं, काही निघालं तर तिने ते परत घ्यायचं, हे तुम्हीही तिच्याकडून लिहून घ्या. तिने मुकाट्याने लिहून दिलं. पुढचं वेत दिवाळीनंतर आहे. तोवर गच्चीला जाळी बसवून घ्यायला सांगितलंय, आणि कारागीर मिळत नाही म्हणून ताई आता माझ्याकडे त्याचा नंबर मागतायत. तो मी दिला.