तुम्ही विचारलंत म्हणून: मी कुणाच्या बाजूची?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाला मी परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, आहे असं सांगितलं, की दोन घास होईपर्यंत शांतता असते. मग प्रश्न येतो. "म्हणजे गुन्हेगारांना सोडवायचा पगार मिळतो तुम्हाला?" जरा भिडस्त माणूस असेल तर, "पण तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?" आणि मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर मोटारीखाली गेले, तेव्हापासून एक तिसरा प्रश्न हसत हसत येतो : "निबंध किती शब्दांचा लिहून घेता?"

निबंधाचं आधी संपवून टाकते. तो जामिनाचा आदेश होता, आरोपी अल्पवयीन होता, आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट बाल न्याय मंडळातून आली होती. त्या आदेशाची वकिली करायची मला हौस नाही. मी जे काम सांगणार आहे ते सज्ञान आरोपीचं, आणि ते गुन्हा शाबीत झाल्यावर सुरू होतं. तोवर कोर्टानं ठरवलेलं असतं की चोरी यानंच केली. पुढं याचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरलेला असतो.

आणि मी कुणालाही सोडवत नाही. 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली मॅजिस्ट्रेट साहेब त्या माणसाबद्दल अहवाल मागतात, मी गावात जाते, घर बघते, पोलीस पाटील, शाळेतले गुरुजी, शेजारपाजारी यांच्याशी बोलते आणि लिहिते. अहवाल गोपनीय असतो, बंद लखोट्यातून जातो. चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडायचं की शिक्षा द्यायची, ते कोर्ट ठरवतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हा मार्गच नाही. बंधपत्र जास्तीत जास्त तीन वर्षांचं, आणि मोडलं तर मूळ गुन्ह्याची शिक्षा पुन्हा समोर उभी राहते. (पहिल्यांदा मोडलं तर नुसता दंडही करता येतो, पन्नास रुपयांपर्यंत. 1958 चे पन्नास अजून पन्नासच आहेत. यावर तुम्ही हसलात तरी माझी हरकत नाही.)

हे सगळं मी तोंडपाठ म्हणते आणि सुटका करून घेते. पण माझा लखोटा साहेब उघडतात, वाचतात, आणि कधी कधी माझंच एखादं वाक्य निकालात उतरलेलं दिसतं. "मी फक्त लिहिते" हे वाक्य तितकं निष्पाप नाही, हे मला ठाऊक आहे.

माणदेशाच्या बाजूच्या एका खेड्यातली गोष्ट. विहिरीवरची पाच एचपीची मोटर चोरीला गेली. पोरगा सापडला, गावातलाच, तेव्हा एकोणीस वर्षांचा. मोटरही सापडली, पण आतली तांब्याची वायंडिंग भंगारवाल्याकडून पुढं गेलेली. रिकामं धूड मुद्देमाल म्हणून पोलीस ठाण्यात पडून राहिलं. खटला उभा राहून निकालाशी आला तेव्हा पोरगा चोवीसचा झाला होता. एकवीसच्या आतल्या मुलाला तुरुंगात पाठवायचं तर कोर्टाला आधी अहवाल मागवावा लागतो, तुरुंग का, याची कारणं लिहावी लागतात. पण वय धरतात ते शिक्षेच्या वेळचं. चोरीच्या दिवशी हे संरक्षण त्याला होतं, तारखा पडता पडता ते निघून गेलं. उरली ती कोर्टाची मर्जी आणि माझा कागद.

घर पाहिलं. वर पत्रा, बाप दारूत गेलेला, आई डाळिंबाच्या तोडणीला रोजानं जाणारी. पोरगा जामिनावर होता तेवढ्या वर्षांत ट्रॅक्टर चालवायला शिकला होता, दुसरी एकही तक्रार नव्हती. आई रडली. माझा अहवाल मनात जवळजवळ लिहून झाला होता.

फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तर मोटरसायकलवरून एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, पांढरी टोपी. फिर्यादी. गाव त्यांना तात्या म्हणतं.

"तुमीच का त्या मॅडम? चोराच्या घरला गेलेल्या?"

मी हो म्हणाले.

"मग माझ्या घरला का न्हाई आला?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं : कोर्टानं आरोपीचा अहवाल मागवलाय. ते मी दिलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "चला, माझी बाग बघा." एसटी डोळ्यांदेखत गेली. मी गेले.

बाग नव्हतीच. ज्वारीचं रान होतं, कडेला डाळिंबाचे उपटलेले बुंधे रचून ठेवलेले. तात्या विहिरीच्या काठावर टेकले आणि सांगत गेले. डाळिंबाचा आंबे बहार धरलेला. ऐन चैत्रात मोटर गेली. उसनवारी करून दुसरी आणून बसवेस्तोवर कोवळी फळं गळून गेली. त्या वर्षीचं सोसायटीचं कर्ज थकलं. पुढं तेल्या रोग आला, बाग काढून टाकली. "कागदावर मोटरची किंमत हाय, मॅडम. बागंची कुठं हाय?"

तेल्या त्या पोराच्या माथी मारता येणार नाही, हे मला कळत होतं. त्यांनाही कळत असावं. पण त्यांच्या सांगण्यात त्या रात्रीपासून पुढचं सगळं एकाच दोरीत ओवलेलं होतं, आणि ती दोरी तोडून दाखवण्याचा अधिकार मला आहे असं वाटेना. निघताना म्हणाले, "त्याची आई रडली असंल. आमची ही बी रडली हुती. तवा कोण आलं न्हाई ल्ह्यायला."

अहवालाच्या नमुन्यात कुटुंब, शिक्षण, सवयी, संगत, शेजाऱ्यांचं मत, सगळ्याला रकाना आहे. फिर्यादीला नाही. मी 'इतर माहिती'त बागेचं लिहिलं, बंधपत्र आणि देखरेखीची शिफारस केली, आणि कलम 5 खाली नुकसानभरपाईचा विचार व्हावा असं जोडलं. हे कलम पहिल्यापासून कायद्यात आहे. साहेबांनी तसाच आदेश केला, रक्कम हप्त्यांनी कोर्टात भरायची. इथवर सांगितलं की पंगतीतला माणूस समाधानानं मान हलवतो, म्हणून पुष्कळदा मी इथंच थांबते.

तात्यांनी पहिला हप्ता उचलला. दुसऱ्याला आलेच नाहीत. आठवडी बाजारात भेटले तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "त्यो पैसा त्याच्या आयनं भरलाय. आमच्या भावकीतच येती ती तोडणीला. तिच्या हजरीचा पैसा मी कोर्टातनं उचलू व्हय?"

मला बरं वाटलं. वाटलं, मन निवळलं म्हातारबुवांचं. म्हणून मी म्हणाले, मग झालं ते बरंच झालं म्हणायचं.

"कशाचं बरं? त्याला आतच टाकाया पायजे हुता."

दोन्ही वाक्यं एका दमात, एकाच माणसाची. आईचा पैसा नको, आणि पोरगा आत हवा. पोरगा आत गेला असता तर ती आई आणखी उघडी पडली असती, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत. त्यांच्याच बांधावरून रोज जाते ती. मी तेव्हा काही बोलले नाही. आजही मला ते दोन्ही एका ठिकाणी बसवता येत नाही, आणि तात्या गोंधळलेले होते असं तर मुळीच वाटत नाही.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं एमए, करत होते तेव्हा मी फील्डवर्कच्या अहवालात ठसक्यात लिहिलं होतं की परिस्थितीच माणसाला गुन्हेगार बनवते. तेव्हाची मी, त्या मुलीशी माझं अजून भांडण चालतं. मी तिला म्हणते, अगं, त्याच वस्तीत तेवढीच गरीब दहा घरं होती, त्यांतल्या पोरांनी मोटर नाही चोरली. ती म्हणते, मग बापाच्या दारूची चौकशी कशाला करतेस? मी म्हणते, दया यावी म्हणून नाही. रात्री उशिरा आल्यावर 'कुठं होतास' विचारणारं घरात कोण उरलंय, ते बघायला. बाहेर धरून ठेवणारं कुणी असेल तर तुरुंगापेक्षा ते बरं. कधीतरी सुटून तो त्याच गावात येणार आहे, तात्यांच्याच विहिरीपाशी.

हे मी मोठ्या आत्मविश्वासानं सांगते. मग ती विचारते, आणि ज्याला विचारणारं कुणीच नाही?

इथं माझी बोलती बंद होते. कायद्यातच अट आहे : सोडायचं तर त्या माणसाचा किंवा त्याच्या जामीनदाराचा कायम पत्ता किंवा नेहमीचा कामधंदा कोर्टाच्या हद्दीत, नाहीतर बंधपत्राच्या काळात तो जिथं राहणार तिथं, असला पाहिजे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असणारा, पालावर राहणारा, आज या गावात उद्या त्या गावात, तो या अटीतच अडकतो. अख्ख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 साली गेला, पण पालावरच्या पोराला जामीन राहायला गावातून पुढं कोण येतं, ते मी पाहिलेलं आहे. ज्याचं घर आहे त्याच्यासाठी माझा अहवाल भरतो, ज्याचं नाही त्याचा अर्ध्या पानात संपतो. त्या मुलीचं वाक्य मला आजही ढोबळ वाटतं. पण या प्रश्नापुरती ती माझ्यापुढं आहे.

आता मी फिर्यादीच्या घरी जाते, रकाना नसला तरी. काही साहेब तो परिच्छेद वाचतात, काहींनी "हे कुणी मागितलं होतं?" असंही विचारलंय. एका फिर्यादीनं दार लावून घेतलं. त्याच्या मते मी चोराचीच बाई, आता त्याला फितवायला आलेली.

सध्या टेबलावर पालावरच्याच एका मुलाचं प्रकरण आहे. भंगाराची चोरी. तारीख जवळ आलीय, आणि 'कायम पत्ता' कोराच आहे. तो चौथीपर्यंत ज्या शाळेत जात होता तिथं दाखला मिळतोय का बघते. मिळाला तर मुख्याध्यापकांनाच जामीन राहता का म्हणून विचारणार आहे. बहुतेक नाही म्हणतील. मग वीटभट्टीवाल्याला विचारायचं.