स्वस्तातली गिटार, आठवा रविवार: आधी कानस, मग पिकअप

आठ रविवार झाले. सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, नवे पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणाऱ्या चुंबकी गुंडाळ्या). डबा पहिल्याच आठवड्यात टेबलावर येऊन पडला होता, पण तो उघडला थेट सातव्या रविवारी. मधल्या आठवड्यांत जे काम झालं त्यानेच ही गिटार खरी बदलली, म्हणून आजची नोंद मुख्यतः त्या कामाची.

गिटार स्ट्रॅट घाटाची आहे, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारखी इलेक्ट्रिक. तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) पिकअप, ते निवडायचा पाच जागांचा स्विच, सहा स्क्रूंवरचा ट्रेमोलो ब्रिज (बॉडीवरचा तारांचा हलता पूल), स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंच, म्हणजे साधारण ६४८ मिमी. नेक, म्हणजे गिटारची मान, सरळ आहे आणि हातात छान बसतो, म्हणूनच हिच्यावर मेहनत घ्यायचं ठरवलं. तुम्ही अशा कामाला हात घालणार असाल तर नेक पिळलेला नाही ना आणि ट्रस रॉड (नेकचा बाक बदलणारी आतली सळई) फिरतो ना, एवढं आधी बघून घ्या. पिळलेल्या नेकवर घरी इलाज नाही.

पहिल्या रविवारी एकही स्क्रू काढला नाही, फक्त मापं वहीत लिहिली. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जाड ई तारेची उंची २.८ मिमी, बारीक ईची २.४. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावला, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरली आणि आठव्या फ्रेटपाशी तारेखाली फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) घातलं, तर ०.५५ मिमीची पाती आरामात सरकली. तिथे ०.२५ च्या आसपास हवं, म्हणजे नेकला बाक जास्त होता. आणि सगळ्यात बोलका आकडा ट्यूनरचा: जाड ई मोकळी वाजवली तर बरोबर सुरात, पहिल्या फ्रेटवरचा एफ मात्र १८ सेंट (एका अर्धस्वराचे १०० सेंट) चढा. बाराव्या फ्रेटवर फरक जेमतेम ३ सेंटचा.

या दोन आकड्यांतच रोगाचं निदान आहे. चूक ब्रिजकडच्या सॅडलची (तिथल्या तारेच्या टेकूची) असती तर वरच्या फ्रेटकडे जाताना ती वाढली असती. इथे ती नटपाशी (खुंट्यांकडच्या टोकाच्या खाचांच्या टेकूपाशी) सर्वात जास्त आणि पुढे कमी होत गेलेली. पहिला फ्रेट नटपासून फक्त ३६ मिमीवर असतो. नटची खाच उथळ राहिली की तार उंच बसते, मग तेवढ्याशा अंतरात ती खूप खाली दाबावी लागते, ताणली जाते आणि सूर चढतो. ई कॉर्ड जुळवावा तर सी कॉर्ड बेसूर, सी जुळवावा तर ई गेला, हा अनुभव स्वस्त गिटार घेतलेल्या बहुतेकांना आला असेल. दोन वर्षं मला वाटत होतं की माझाच कान कच्चा आहे. कान ठीक होता. हे कळलं त्या दिवशी मी खूप वेळ नुसती बसून होते.

ट्रस रॉडला फार वेळ लागला नाही. पाव फेरा आवळायचा, परत ट्यून करायचं, रात्रभर ठेवायचं, सकाळी मोजायचं. असं दोनदा केलं आणि ०.२५ आलं. घाईने एकदम पूर्ण फेरा देऊ नका, लाकूड सावकाश बसतं.

नटवर मात्र दोन रविवार गेले. खाच कापताना कानस हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूला किंचित झुकती धरायची, म्हणजे तारेचा शेवटचा टेकू फिंगरबोर्डकडच्या कडेवर येतो. हा उतार चुकला आणि तार खाचेत सपाट पसरून बसली की ती सतारीसारखी झणझणते. सतारीला जवारी मुद्दाम काढावी लागते, गिटारच्या नटवर ती नको. खोली तपासायची माझी पद्धत अशी: तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबायची आणि पहिल्या फ्रेटवर बोटाने टिचकी मारायची. तार आणि फ्रेटमध्ये केसाएवढी फट असेल तर बारीकसा ‘टिक’ ऐकू येतो. आवाजच आला नाही तर खाच जास्त खोल गेली.

माझी ‘जी’ (G) तारेची खाच तशी गेली. दोन घाव जास्त झाले आणि मोकळी ‘जी’ तार पहिल्या फ्रेटवर खरखरायला लागली. खाचेत चिमूटभर खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब सोडला, तर ते क्षणात दगडासारखं घट्ट होतं, आणि त्यात नवी खाच कापता येते. दुरुस्ती टिकली, पण त्या एका तारेचा आवाज बाकीच्या पाच तारांपेक्षा वेगळा येतोय असं मला सतत वाटत राहिलं. शेवटी प्लॅस्टिकचा नट काढून हाडाचा बसवला. जुना नट काढण्याआधी त्याच्या कडेने ब्लेड फिरवा, नाहीतर हेडस्टॉकवरच्या वार्निशचा तुकडा सोबत निघून येतो. हाड घासताना तोंडावर मास्क हवाच, ती पूड फार बारीक असते. खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घासलं, त्यामुळे बेंड केल्यावर (बोटाने बाजूला ताणल्यावर) तार खाचेत अडकत नाही आणि ट्यूनिंग परत जागेवर येतं. खुंट्या बदलायचा विचार तिथेच सोडला. ट्यूनिंग सुटतं म्हणून आपण खुंट्यांना नावं ठेवतो, पण निदान माझ्या गिटारवर तार खाचेतच अडकत होती.

मग फ्रेट. लहान पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर ठेवून हलवून बघितली. मधला फ्रेट उंच असेल तर पट्टी डुलते. नववा, चौदावा आणि पंधरावा असे तीन उंच निघाले. त्यातला चौदावा एका टोकाला नीट बसलेलाच नव्हता, अंगठ्याने दाबला की खाली जायचा. तो थोड्या सुपरग्लूने बसवला. मग ट्रस रॉड आवळून नेक अगदी सरळ केला, फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लावला, पिकअपही टेपने झाकले, कारण कीस आत शिरला की सहज निघत नाही.

या कामाची गंमत मार्करमध्ये आहे. प्रत्येक फ्रेटचा माथा काळ्या मार्करने रंगवायचा आणि सरळ दांड्याला चिकटवलेला ४०० नंबरचा पॉलिश पेपर नेकच्या लांबीने फिरवायचा. दोन-तीन हातांतच कुठला फ्रेट उंच आणि कुठला खोल ते डोळ्यांना दिसतं. उंच फ्रेट चकाकतात, खोल काळेच राहतात. सगळ्यांवरचा रंग गेला की थांबायचं. आता माथे सपाट झालेले असतात, तेव्हा परत रंगवायचं आणि क्राउनिंगच्या कानशीने दोन्ही बाजूंनी गोल करत आणायचं. मधोमध शाईची एक बारीक रेघ उरली पाहिजे, धाग्याएवढी. ती रेघ पुसली गेली तर तो फ्रेट शेजाऱ्यांपेक्षा खाली गेला. एकवीस फ्रेट, प्रत्येकावर ती रेघ सांभाळत एक अख्खी दुपार गेली, आणि या सगळ्या प्रकल्पातली मला सर्वात आवडलेली दुपार तीच. नंतर ६००, १०००, २००० असे पेपर. आता बेंड करताना तार फ्रेटवर घासल्याचा तो खरबरीत स्पर्श नाही, ती घसरते.

मग तारा १०–४६ (जाडी, इंचाच्या हजारांशांत), बाराव्या फ्रेटवर जाड ई २ मिमी, बारीक ई १.६, आणि इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरही सूर जुळेल असे सॅडल सरकवणं). पहिल्या फ्रेटवरचा एफ आता ४ सेंट चढा आहे. अजून पिकअपला हात लावला नव्हता, तरी गिटार ऐकणाऱ्याने विचारलं, नवी घेतलीस का?

सातव्या रविवारी वायरिंग. पिकगार्डच्या (बॉडीवरच्या पाटीच्या) आतून आणि पोकळीत तांब्याची टेप लावली, मल्टिमीटरने सगळे तुकडे एकमेकांना जोडले गेलेत का ते तपासलं. या टेपने सगळी गुणगुण जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. तारेला हात लावल्यावर कमी होणारी चरचर ती आटोक्यात आणते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून सिंगल कॉइलमध्ये येणारी भुणभुण तशीच राहते. ती जाते स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागी, जिथे दोन पिकअप एकत्र वाजतात, जर मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा असेल तर.

आणि इथेच मी अडकले. नेक आणि ब्रिजचे पिकअप नवे घेतले, मधला जुनाच ठेवला, कारण त्याचा आवाज मला आवडायचा. एकेकटे तिघे छान. दुसऱ्या आणि चौथ्या जागी मात्र आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा, बास गायब, आणि भुणभुण उलट वाढलेली. होकायंत्र पिकअपवर धरून बघितलं: नव्या दोघांवर सुईचं एक टोक ओढलं जातंय, जुन्यावर दुसरं. म्हणजे ध्रुव उलटे, पण गुंडाळीची दिशा सारखीच. म्हणून तारांचा सूर एकमेकांना खोडत होता आणि भुणभुणीची बेरीज होत होती. मधल्या पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली, दोन सांधे, पाच मिनिटं. चौथ्या जागी स्विच नेला तर आवाज भरदार आणि पाठीमागे शांतता. जुना पिकअप मोडीत काढला नाही याचं इतकं समाधान झालं! वायरी अदलाबदल करण्याआधी पिकअपचं कव्हर धातूचं नाही ना आणि ते वायरीला जोडलेलं नाही ना, ते मात्र बघा.

पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे बदलते रेझिस्टर) २५० किलोओहमचे घेतले, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. व्हॉल्यूम कमी केल्यावर आवाज मळकट होऊ नये म्हणून व्हॉल्यूम पॉटच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या टोकांमध्ये १५० किलोओहमचा रेझिस्टर आणि ६८० पिकोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडले. पॉटच्या पाठीला सोल्डर लावताना आधी ती जागा घासून घ्या आणि जाड टोकाची आयर्न वापरा. बारीक टोकाने पॉट तापतच राहतो आणि सांधा तरी कच्चाच राहतो.

उरलंय ते ब्रिजचं. त्याच्या खालचा ब्लॉक (धातूचा ठोकळा) पातळ आहे, जड बसवायचा विचार आहे. पण माझ्या बॉडीवर पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधलं अंतर ५२.५ मिमी आहे आणि जुन्या अमेरिकन मापाच्या ब्रिजना ५६ लागतं. शिवाय बॉडीची जाडी ४० मिमीच, पूर्ण मापाचा ब्लॉक मागून बाहेर येईल. कुणी असा ब्लॉक घरी कापून बसवला असेल तर किती मिमी ठेवलात ते सांगा, त्याआधी मी करवत हातात घेणार नाही.