यंत्र रिकामे असताना मी रांगेत का उभा राहतो

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो, आणि एकदाच लिहितो. जळगावात आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जे मोठे दुकान आहे, तिथे आपले बिल आपणच करायची दोन यंत्रे बसवल्यापासून मला रांगेत पाहणारा प्रत्येक ओळखीचा माणूस तोच प्रश्न विचारतो : ‘काका, मशीन रिकामं पडलंय, तुम्ही रांगेत कशाला?’ शेजारी विचारतात, भाचा विचारतो, पुण्याहून आलेला मुलगा दर खेपेला विचारतो. जुने खातेदार भेटले तर त्यांच्या प्रश्नाला शेपूटही असते : ‘साहेब, बँकेत असताना तर तुम्हीच आम्हाला मशीनकडे पिटाळायचे.’ त्या शेपटाचा मला जास्त त्रास होतो, कारण ते खरे आहे.

आजवर मी देत आलेले उत्तर सभ्य होते. काउंटरवरच्या मुलींच्या नोकऱ्या जातील, असे मी सांगत असे. ऐकणारा मान डोलावत असे आणि विषय मिटत असे. ते उत्तर खोटे नव्हते, पण माझे नव्हते. गिऱ्हाइकाने दुकानातले काम स्वतः करावे, ही रीत काही या यंत्रांनी आणलेली नाही. १९१६ साली अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स याने ‘पिगली विगली’ नावाचे दुकान उघडले आणि लोकांना फळ्यांवरचा माल आपल्या हाताने घ्यायला लावले. त्याआधी तिकडेही फळीमागचा माणूसच सामान काढून देत असे, जसे माझ्या लहानपणी अमळनेरला आमचे वाणी देत : यादी वाचायची, गूळ फोडायचा, डाळ तोलायची आणि कागदाच्या पुडीला दोरा गुंडाळून तो बोटाच्या झटक्याने तोडायचा. पुडी बांधणारे ते हात गेले तेव्हा मी एक शब्द काढला नाही. आज ट्रॉली ढकलत मीच हिंडतो, मीच डाळीचे भाव ताडून पाहतो आणि त्यात माझा वेळही मजेत जातो. मग अगदी शेवटी, बिलाशी येऊनच मला माणुसकी का आठवावी, हे मला भाच्याने एकदा तोंडावर विचारले, आणि त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते.

चौतीस वर्षे मी बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅश काउंटरवर. आमच्या शाखेत एटीएम आले तेव्हा लहान रकमांसाठी काउंटरवर येणाऱ्यांना बाहेर मशीनकडे पाठवायचा आदेश होता, आणि तो मी जरा जास्तच उत्साहाने पाळला. पारोळ्याकडच्या एका वयस्क शेतकऱ्याने नवे कार्ड हातात धरून मला विचारले होते : ‘साहेब, मनी नोट फाटेल निंघनी ते मी कोनले दखाडू?’ म्हणजे, माझी नोट फाटकी निघाली तर मी कोणाला दाखवू? मी त्याला ‘सवय होईल, आबा’ म्हणालो आणि पुढच्याला हाक मारली. यंत्र चालवता येईल की नाही, हे तो विचारतच नव्हता. चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येईल, असे तो विचारत होता, आणि हे दुसऱ्या कोणाला नाही तरी मला कळायला हवे होते, कारण कॅशिअरची नोकरी म्हणजे तेवढेच असते. संध्याकाळी कॅश जुळली नाही, शॉर्ट आली, तर ती ज्याच्या हातून गेली त्याने खिशातून भरायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्री साडेनऊला मोजणी संपली तेव्हा माझ्याकडे चार हजार कमी निघाले. दोन हजारांच्या नव्या दोन नोटा कोणाला तरी जास्त गेल्या होत्या. मी ते भरले. रात्री झोप लागली नाही, पण कोणी मला चोर म्हटले नाही, आणि ज्याच्याकडे त्या नोटा गेल्या असतील त्यालाही कोणी म्हटले नाही.

आता मूळ गोष्ट सांगतो, जी मी घरातही नीट सांगितलेली नाही.

गेल्या चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी मी चौथीतल्या नातीला घेऊन त्या दुकानात गेलो होतो. चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या घरात चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाल्यावरच वांगे ताटात येते. ज्या जिल्ह्याच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या जिल्ह्यात राहून ती वांगी असल्या दुकानातून कोण आणते, असे पत्नी म्हणाली होती, आणि ती बरोबर होती. पण उन्हात बाजारापर्यंत जायचा मला कंटाळा आला होता. काउंटरची रांग लांब होती. तोवर मी यंत्राला नाही म्हणणारा नव्हतो, हे मुद्दाम नोंदवतो. नातीला ते दाखवण्याचा उत्साह माझाच होता.

भाजी तोलणाऱ्या मुलाने पिशवीवर चिकटवलेले लेबल वांग्यांच्या फुगीरपणामुळे मधोमध चुरगळले होते आणि यंत्राला ते वाचता येईना. बारकोडच्या पट्ट्यांखालचे तेरा आकडे हाताने टाकावे लागले. दुकानात तोलून दिलेल्या मालाचा आकडा दोनने सुरू होतो, आपल्याकडच्या पाकीटबंद मालाचा बहुधा ८९०ने, आणि शेवटचा आकडा हा आधीच्या बारांवरून काढलेला पडताळा असतो : एकाआड एक आकडे तिपटीने धरायचे, सगळ्यांची बेरीज करायची आणि ती दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडते ते शेवटी लिहायचे. एक आकडा जरी चुकला तरी मेळ बसत नाही आणि यंत्र नकार देते. हे सगळे मी नातीला समजावून सांगत बसलो. पहिल्या वेळी माझाच एक आकडा चुकला, यंत्राने नकार दिला आणि मला चक्क आनंद झाला. मागे मात्र तीन माणसे उभी राहिली होती. त्यांतला दुधाची एकच पिशवी घेतलेला मुलगा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होता आणि मोठ्याने उसासे टाकत होता.

त्यानंतर मी घाई केली. तेल, रवा, पोह्यांचे पाकीट आणि मग पन्नास ग्रॅमची हिंगाची डबी. डबी मी काचेवरून फिरवली आणि पिशवीत टाकली. नात म्हणाली, ‘आजोबा, याचा आवाज नाही आला.’ मी म्हणालो, ‘आला असेल, चल.’

मी ‘आला’ म्हटले नाही, ‘आला असेल’ म्हटले. चौतीस वर्षांत मी एकाही खातेदाराच्या हातात गड्डी देऊन ‘शंभर नोटा असतील’ असे म्हटलेले नाही. समोर पडद्यावर यादी होती, एक नजर टाकली असती तर कळले असते. ती मी टाकली नाही. मला ठाऊक होते का? नव्हते. ठाऊक करून घ्यायचे नव्हते का? इथे मी आजही अडकतो. ज्या वेळी मला स्वतःची बाजू घ्यायची असते, त्या वेळी मी मागच्या मुलाचे उसासे आठवतो. ज्या वेळी नसते, त्या वेळी नातीचा आवाज आठवतो.

यंत्राच्या पिशवी ठेवायच्या जागेखाली वजनाचा काटा असतो आणि न दाखवलेली वस्तू तिथे पडली की ते ओरडते, असे मला नंतर सांगण्यात आले. एवढ्याशा डबीचा फरक त्याने पोटात घातला असावा. दारावरच्या गार्डने घातला नाही. बिलावर अकरा वस्तू आणि पिशवीत बारा. तो माझ्या ओळखीचा निघाला, त्याच्या वडिलांचे खाते आमच्या शाखेत होते, आणि त्यामुळे सगळे अधिकच अवघड झाले. ‘साहेब, तुमचं तसं काही नाही, पण मला बघावं लागतं,’ असे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. आम्हाला बाजूच्या टेबलाशी नेले. तिथला तरुण सुपरवायझर अतिशय नम्र होता. त्याने आवाज चढवला असता तर मला निदान रागावता तरी आले असते. त्याने एक वही पुढे केली : नाव, मोबाइल, वस्तू, कारण, सही. ‘कारण काय लिहू काका?’ ‘नजरचुकीने राहिले,’ असे मी सांगितले, आणि हजारो व्हाउचरांवर केलेली ती माझी सही त्या वहीत केली. वरच्या ओळीत कोणीतरी अंगठा दिलेला होता. ब्याण्णव रुपये भरले. दहा मिनिटांच्या त्या अवधीत नात माझ्या कापडी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत आणि सोडत उभी होती.

घरी मी पत्नीला सांगितले की मशीन बिघडले होते. नातीने माझ्याकडे पाहिले आणि ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भरीत झाले, चांगले झाले.

ब्याण्णव रुपयांच्या हिंगासाठी एवढे, असे तुम्ही म्हणाल. होय, एवढेच. बँकेत ज्याने व्हाउचर केले त्यानेच ते पास करावे, असे कधी चालत नसे. दोन माणसे आणि दोन सह्या असत, आणि त्यात कोणावर अविश्वास नव्हता, उलट त्यामुळेच प्रामाणिक माणूस निर्धास्त राहत असे. काउंटरवर मुलगी मोजते आणि मी देतो. तिच्याकडून डबी राहिली तर ती तिची चूक ठरते, फार तर दोघांची. यंत्रापुढे मोजणारा मी, देणारा मी, आणि शेवटी दाराशी संशयितही मीच. पगार मात्र कोणी देत नाही. हे मी भाच्याला ऐकवले तेव्हा त्याने लगेच मोबाइलवर शोधून दाखवले की उत्तर इंग्लंडमधल्या ‘बूथ्स’ या दुकानसाखळीने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या २८ दुकानांपैकी दोन सोडून बाकी सगळ्यांतून ही यंत्रे काढायचे ठरवले, आणि गिऱ्हाइकांना ती संथ, बेभरवशाची आणि रूक्ष वाटतात असे कारण दिले. ‘म्हणजे मामा, तुमचंच खरं,’ असे तो म्हणाला. मला ते पटले नाही. माझी तक्रार यंत्र संथ असल्याची नाही. ते जलद आहे आणि मी संथ आहे.

शिवाय दुसरी बाजू मला रोज खालच्या मजल्यावर भेटते. तिथल्या ताई एकट्या घर चालवतात आणि नेहमी यंत्रावरच बिल करतात. बेरीज बजेटबाहेर गेली की एखादे पाकीट बिलातून काढता येते, मागची रांग ऐकत नाही आणि ‘ताई, काय काय कमी करू?’ असे कोणी मोठ्याने विचारत नाही, असे त्या म्हणतात. काढण्यासाठी तिथल्या मुलाला खूण करावी लागते, पण तो काही बोलत नाही. ज्या माणसाच्या नजरेसाठी मी पंधरा मिनिटे ताटकळतो, तीच नजर त्यांना नको असते. मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही. घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

आणि ज्या मुलीच्या रांगेत मी उभा राहतो, तिला मी मध्यंतरी सहज विचारले की संध्याकाळी हिशेब शॉर्ट आला तर काय होते. ती तांदळाच्या पिशवीचा उसवलेला कोपरा तपासत होती. ‘काका, ही फाटलीय, दुसरी आणा,’ असे आधी म्हणाली, मग म्हणाली, ‘पगारातून कापतात.’ म्हणजे चूक माझ्या अंगावर येऊ नये म्हणून मी तिच्या रांगेत उभा राहतो आणि ती तिच्या अंगावर जाते. माझ्या पगारात ते चार हजार निदान पेलण्यासारखे होते. हे कळल्यापासून मी तिच्यासमोर एकेक वस्तू बारकोड वर करून ठेवतो आणि तिच्याबरोबर मनात मोजतो. यावर तुम्ही हसाल, हसा.

मागच्या रविवारी नात पुन्हा बरोबर होती. रांगेत आमच्यापुढे चौघे जण होते आणि दोन्ही यंत्रे रिकामी होती. तिने माझा हात ओढला आणि हळूच म्हणाली, ‘आजोबा, तिकडे जाऊ या ना. आवाज आला की नाही ते मी सांगते.’

मी म्हणालो, ‘आता चारच तर आहेत.’